नक्कल कोणाची, प्रयोग कोणाचा?

जुन्या संगीत नाटक मंडळ्यांच्या आठवणी वाचताना ‘नक्कल’ हा शब्द वारंवार भेटतो. नटाला नक्कल मिळाली, त्याने ती चार दिवसांत पाठ केली, अमक्याची नक्कल कच्ची राहिली म्हणून तालीममास्तर संतापले. येथे नक्कल म्हणजे दुसऱ्याची हुबेहूब बतावणी नव्हे. मूळ संहितेवरून एकेका पात्राची भाषणे उतरवून काढलेला जो मजकूर नटाच्या हाती पडे, ती त्याची नक्कल. आजच्या विद्यार्थ्यांना हा अर्थ मुद्दाम सांगावा लागतो. आम्हाला तो आठवला लंडनमधील १८८८ सालच्या एका खटल्याची हकीकत वाचताना. त्या खटल्यात न्यायालयाने एका नाटकाला अडवले; पण कादंबरी परवानगीवाचून रंगभूमीवर आणली म्हणून नव्हे, तर तिच्या आधारे केलेल्या संहितेच्या प्रती उतरवून काढल्या म्हणून. प्रयोग निर्दोष ठरला आणि नक्कल सापडली!

साहित्याच्या वर्गात ‘माध्यमांतर’ हा विषय आपण आवडीने शिकवतो. कादंबरीचे नाटक होताना निवेदकाचे काय होते, काळ कसा आक्रसतो, अंतर्मनातले स्वगतात कसे येते, यावर प्रश्नपत्रिकेत दरवर्षी एखादा प्रश्न असतोच. ते रूपांतर करण्याचा अधिकार कोणाचा होता, हे मात्र आपण विचारत नाही. तो वकिलांचा प्रांत म्हणून सोडून देतो. आमचे म्हणणे असे की हा प्रांत साहित्येतिहासाबाहेरचा नाही. एकोणिसाव्या शतकातील कित्येक इंग्रजी लेखकांनी काय लिहिले, कोणत्या क्रमाने लिहिले, आधी नाटक की आधी कादंबरी, हे त्यांच्या प्रतिभेइतकेच कायद्यातील एका भोकाने ठरवले आहे.

हे भोक कसे पडले ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. इंग्लंडमधला १७१० सालचा कायदा पुस्तकाच्या मालकीविषयी होता. पुस्तक छापणे आणि विकणे एवढेच त्याला दिसत होते. रंगभूमी ही राजाने सनद दिलेल्या नाट्यगृहांची मिरास. तिच्यावर काय बोलले जाते याची सरकारला काळजी होती; जे बोलले जाते ते कोणाचे, याची नव्हती. जॉन ओकीफ या नाटककाराच्या एका लोकप्रिय प्रहसनाचे हक्क हेमार्केट नाट्यगृहाच्या जॉर्ज कोलमनने विकत घेतले होते. दुसऱ्या एका मंडळीने रिचमंड येथे ते करून दाखवले, तेव्हा कोलमन न्यायालयात गेला. १७९३ साली निकाल लागला तो असा, की नाटक करून दाखवणे म्हणजे ते प्रकाशित करणे नव्हे. कोणी ते स्मरणातून म्हणून दाखवले तर पुस्तकाच्या कायद्याला त्याचे काही करता येत नाही. ज्या देशात वेद दीड-दोन हजार वर्षे मुखोद्गत राहिले तेथील वाचकाला ही विचारसरणी विचित्र वाटेल. पण छापखान्याभोवती रचलेल्या कायद्याच्या दृष्टीने तोंडातून निघालेला शब्द हा शब्दच नव्हता.

बायरनला याचा फटका वेगळ्या बाजूने बसला. त्याचे ‘मरिनो फालिएरो’ १८२१ साली छापून आले. ते रंगभूमीसाठी नाही असे त्याने प्रस्तावनेतच सांगून टाकले होते. बायरन इटलीत, इकडे ड्रुरी लेनच्या एलिस्टनने नाटकाला हवी तशी कात्री लावून त्याचा प्रयोग केला. प्रकाशक मरे न्यायालयात गेला आणि १८२२ मध्ये हरला. छापलेले नाटक संक्षेप करून रंगभूमीवर आणल्याने पुस्तकाच्या हक्काला बाध येत नाही, असे न्यायाधीशांनी कळवले. लक्षात घ्या, बायरनला पैसे नको होते. त्याला प्रयोगच नको होता. ‘नको’ म्हणण्याचा अधिकार हा ‘पैसे द्या’ म्हणण्याच्या अधिकाराहून मूलभूत आहे, आणि तोच त्याच्यापाशी नव्हता.

पैशाची बाजू दिसते ती डग्लस जेरॉल्डच्या उदाहरणात. त्याचे ‘ब्लॅक-आइड सुझन’ हे दर्यावर्दी प्रेमनाट्य १८२९ साली सरे नाट्यगृहात आले आणि अक्षरशः शेकडो प्रयोग चालले. लेखकाच्या हाती पडले साठ-सत्तर पौंडांच्या आसपास. १८३२ साली पार्लमेंटने नाट्यवाङ्मयाच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली, तिच्यासमोर जेरॉल्डने साक्ष दिली. समितीचा पुढाकार होता एडवर्ड बुल्वर-लिटन या कादंबरीकार-खासदाराचा. पुढच्या वर्षी, म्हणजे १८३३ साली, त्याच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. नाटककाराला आपल्या नाटकाचा प्रयोग करू देण्याचा किंवा न देण्याचा हक्क मिळाला आणि विनापरवाना प्रत्येक प्रयोगामागे किमान चाळीस शिलिंग दंड ठरला. इंग्लंडात ‘प्रयोगाचा हक्क’ ही पुस्तकाच्या हक्काहून वेगळी वस्तू कायद्याने प्रथम निर्माण केली ती येथे. फ्रान्समध्ये बोमार्शेने १७७७ पासून नाटककारांची संघटना उभारून जो लढा दिला, त्याला १७९१ च्या कायद्याने फळ आले होते. इंग्रज त्या मानाने चाळीस वर्षे मागे होते.

मात्र या कायद्याने संरक्षण दिले ते नाटकाला. कादंबरीचे नाटक झाले तर? कायदा कादंबरीकाराने केला खरा, पण कादंबरीकारासाठी त्यात ओळ नव्हती. कादंबरी हे पुस्तक. तिच्या प्रती छापणे गुन्हा. तिच्यातली माणसे रंगभूमीवर उभी करणे ही मात्र प्रत नव्हे, म्हणून पुस्तकाचा कायदा लागू नाही. आणि ती कादंबरीकाराने लिहिलेली ‘नाट्यकृती’ नव्हे, म्हणून १८३३ चा कायदाही लागू नाही. दोन कायद्यांच्या मधल्या या बोळातून पुढची जवळजवळ ऐंशी वर्षे इंग्रजी व्यावसायिक रंगभूमी ये-जा करीत राहिली.

सर्वांत जास्त ये-जा झाली डिकन्सच्या घरातून. ‘निकोलस निकल्बी’ मासिक हप्त्यांनी प्रसिद्ध होत होती. १८३८ च्या नोव्हेंबरात, कादंबरी अर्ध्यावरही आली नसताना, एडवर्ड स्टर्लिंगने तिचे नाटक अॅडेल्फीत लावले! शेवट काय करायचा हे लेखकालाच ठरवायचे होते. स्टर्लिंगने तो आपल्या पदरचा लावला. डिकन्सने सूड घेतला तो लेखकाच्या हत्याराने. कादंबरीच्या पुढच्या भागात त्याने एक ‘वाङ्मयीन सद्गृहस्थ’ आणला, ज्याने २४७ कादंबऱ्यांची नाटके केली आहेत, काहींची तर कादंबरी प्रसिद्ध होण्याआधीच. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’च्या एका रूपांतराला तो सरे नाट्यगृहात गेला असता पहिल्याच प्रवेशात बॉक्सच्या कोपऱ्यात जमिनीवर आडवा झाला आणि पडदा पडेपर्यंत उठला नाही, असे त्याचा चरित्रकार फॉर्स्टर सांगतो. विनोदी वाटते, पण त्यात एका लेखकाची पूर्ण हतबलता आहे. आपली पात्रे दुसऱ्याच्या तोंडाने बोलताना ऐकायची, आणि आडवे होण्यापलीकडे काही करता येऊ नये!

तरीही आमच्यातील काहींना या लुटीचे पूर्ण वावडे नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. ज्यांना पुस्तक विकत घेणे परवडत नव्हते आणि ज्यांना वाचताही येत नव्हते, अशा लंडनच्या कष्टकऱ्यांपर्यंत डिकन्स पोचला तो पुष्कळसा या चोरट्या नाटकांतून. मिसेस हेन्री वुड यांची ‘ईस्ट लिन’ (१८६१) ही कादंबरी रंगभूमीने अनेक दशके असंख्य रूपांतरांतून जिवंत ठेवली. लेखिकेला त्यातून काही मिळाले नाही. वाचक आणि प्रेक्षक वाढले हे खरे. परंतु ते ज्याच्या शिध्यावर वाढले त्याला पंगतीत पान मांडलेले नव्हते, हेही तितकेच खरे.

या कोंडीतून वाट काढण्याचा पहिला गंभीर प्रयत्न चार्ल्स रीडने केला. तो स्वतः कायदा शिकलेला, स्वभावाने भांडकुदळ आणि नाटकाचा वेडा. १८५३ साली त्याचे ‘गोल्ड’ हे नाटक ड्रुरी लेनला झाले. त्याच सामग्रीवर त्याने १८५६ साली ‘इट इज नेव्हर टू लेट टू मेंड’ ही कादंबरी लिहिली. ती गाजली, आणि ग्रेशियन नाट्यगृहाच्या जॉर्ज कॉन्क्वेस्टने तिचे नाटक लावले. रीडने दावा केला तो दोन वेगळ्या मुद्द्यांवर. पहिला, माझ्या कादंबरीचे नाटक केले म्हणून. हा १८६१ मध्ये फेटाळला गेला. कादंबरीवरून नाटक करून त्याचा प्रयोग करणे कादंबरीच्या हक्काआड येत नाही. दुसरा मुद्दा चतुर होता. कॉन्क्वेस्टचे नाटक माझ्या कादंबरीवरून आहे, पण ती कादंबरी माझ्या आधीच्या नाटकावरून आहे. तेव्हा प्रतिवादीने, त्याला ठाऊक असो वा नसो, माझ्या नाटकाचाच प्रयोग केला आहे. हा दावा रीडने १८६२ साली जिंकला.

धडा स्पष्ट होता: कादंबरी वाचवायची असेल तर आधी नाटक लिहा. विल्की कॉलिन्स आणि इतर अनेक कादंबरीकार स्वतःच्या कादंबऱ्यांची नाटके स्वतः करू लागले, त्यामागे रंगभूमीचे आकर्षण होतेच. पण दुसऱ्याने करण्याआधी आपण करावे ही निकडही होती. केवळ नाटक लिहून ठेवणे मात्र पुरेसे नव्हते. हॉलिंग्सहेड नावाच्या लेखकाने आपल्या प्रसिद्ध कथेचे मागाहून नाटक केले आणि ते नट जे. एल. टूलला विकले, टूलने ते रंगभूमीवर आणलेच नाही. दरम्यान यंग नावाच्या गृहस्थाने त्याच कथेवरून स्वतंत्रपणे आपले नाटक केले. १८७४ साली न्यायालय म्हणाले, यंगने टूलचे नाटक पाहिलेले नाही, त्याने घेतले ते छापील कथेतून, आणि कथेतून घेण्याची कोणालाच मनाई नाही. म्हणजे क्रम महत्त्वाचा. आधी नाटक, मग कथा, तर संरक्षण. आधी कथा, मग नाटक, तर हात रिकामे. साहित्यप्रकारांच्या उतरंडीविषयी आपण वर्गात पुष्कळ बोलतो. अशी उतरंड मात्र एकाही काव्यशास्त्राने कल्पिली नसेल. १८७८ साली एका राजनियुक्त आयोगाने कादंबरीकाराला नाट्यरूपांतराचा हक्क द्यावा अशी शिफारस केली. ती तेहेतीस वर्षे पडून राहिली.

आता तो १८८८ चा खटला. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट ही मँचेस्टरमध्ये जन्मलेली आणि अमेरिकेत स्थायिक झालेली लेखिका. तिची ‘लिटल लॉर्ड फाँटलेरॉय’ १८८५-८६ मध्ये एका अमेरिकी बालमासिकातून आणि मग पुस्तकरूपाने आली आणि अटलांटिकच्या दोन्ही काठांवर गाजली. न्यूयॉर्कच्या साध्या वस्तीत वाढलेला मुलगा एकाएकी इंग्लंडमधल्या उमरावाचा वारस ठरतो आणि आपल्या निर्व्याज चांगुलपणाने तुसड्या आजोबाला जिंकतो, अशी ती गोष्ट. आज ती जरा गुळचट वाटते. मखमली पोशाख आणि लेसची कॉलर घालायला लागलेल्या त्या पिढीतल्या मुलांनी लेखिकेला किती शिव्या दिल्या असतील कोण जाणे. १८८८ च्या २३ फेब्रुवारीला लंडनच्या प्रिन्स ऑफ वेल्स नाट्यगृहात ई. व्ही. सीबोम यांनी या कादंबरीचे स्वतः केलेले नाटक लावले. बर्नेटबाई स्वतःच तिचे नाटक करण्याच्या विचारात होत्या. आतापर्यंतच्या निकालांकडे पाहता त्यांना काहीच आशा नव्हती.

पुस्तकाचे इंग्रजी प्रकाशक फ्रेडरिक वॉर्न यांनी दावा लावला. त्यांच्या वकिलांनी जुना रस्ता सोडला. प्रयोगाविषयी त्यांनी तक्रार केलीच नाही. त्यांनी विचारले ते एवढेच, की नाटक करण्यासाठी तुम्ही किती प्रती उतरवल्यात? चार, असे निष्पन्न झाले. एक लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीत परवान्यासाठी पाठवलेली, कारण त्या काळी सरकारी तपासणीवाचून नवे नाटक करता येत नसे. आणि तीन नाट्यगृहात वापरण्यासाठी. सीबोम यांनी कादंबरीतले संवाद जवळजवळ जसेच्या तसे, आणि मोठ्या प्रमाणात, घेतले होते. मग या चार प्रती म्हणजे पुस्तकातील मजकुराच्याच प्रती नव्हेत काय? न्यायमूर्ती स्टर्लिंग यांनी होकार दिला. प्रती छापलेल्या असोत वा हाताने लिहिलेल्या, विकायच्या असोत वा तालमीच्या, प्रती करण्याचा हक्क मालकाचा. कादंबरीतून उचललेले उतारे त्या प्रतींतून रद्द करण्याचा आदेश झाला. (पन्नास वर्षांपूर्वी एका स्टर्लिंगने डिकन्सचे कागद उचलले होते, आता दुसऱ्या स्टर्लिंगने कागद परत करायला लावले. इतिहासाला असले योगायोग आवडतात.)

या निकालाचे मर्म नीट पाहण्यासारखे आहे. सीबोम यांनी जर चारही प्रती न करता, कादंबरीचे छापील पुस्तक हाती घेऊन नटांकडून तोंडी तालीम करून घेतली असती, तर निकालाच्या तर्काप्रमाणे ते सुटले असते. सरकारला प्रत द्यावीच लागत असल्याने ते अशक्य होते, ही गोष्ट निराळी. म्हणजे ज्या तपासणीच्या कायद्याने नाटककारांची दोनशे वर्षांहून अधिक काळ मुस्कटदाबी केली, तोच येथे लेखिकेच्या उपयोगी पडला. आपल्याकडे १८७६ च्या कायद्याने नाटकांवर जी टांगती तलवार ठेवली आणि जिच्याखाली खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९१० मध्ये सापडले, तिचा असा काही उपयोग कोणा लेखकाला झाल्याचे आमच्या वाचनात नाही.

निकालाच्या चार दिवसांनंतर, १४ मे रोजी, बर्नेटबाईंचे स्वतःचे रूपांतर टेरीज नाट्यगृहात आले. नावातच त्यांनी ‘खराखुरा’ असे विशेषण जोडले. त्याच वर्षी डिसेंबरात ते न्यूयॉर्कला गेले आणि तेथेही गर्दी खेचू लागले. छोट्या लॉर्डचे काम लंडनमध्ये आणि न्यूयॉर्कमध्येही मुलींनी केले. भाऊराव कोल्हटकरांच्या शकुंतलेवर पोसलेल्या आमच्या रसिकांना हा उलटा प्रकार पाहायला मिळाला असता तर त्यांनी काय म्हटले असते, असे मनात येते. लंडनच्या लेखकसंघाने बर्नेटबाईंचा सत्कार केला. चार वर्षांपूर्वी वॉल्टर बेझंट यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या त्या संघाला कादंबरीकाराच्या बाजूने लागलेला हा निकाल स्वतःचाच विजय वाटला. वस्तुतः तो हक्काचा विजय नव्हता. रूपांतरकार थोडा हुशार असता, संवाद आपल्या शब्दांत लिहून केवळ कथानक घेता, तर कायदा पुन्हा आंधळाच होता.

म्हणून युक्त्या चालूच राहिल्या. त्यांतली सर्वांत गमतीची युक्ती म्हणजे केवळ हक्क नोंदवण्यासाठी केलेला प्रयोग. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या ‘पिनाफोर’ची अमेरिकेत बेसुमार लूट झाली होती. म्हणून ‘पायरेट्स ऑफ पेंझन्स’ न्यूयॉर्कला ३१ डिसेंबर १८७९ रोजी उघडण्याच्या आदल्या दिवशी इंग्लंडमधील पेंटन या समुद्रकाठच्या गावी त्याचा एक कामचलाऊ प्रयोग उरकला गेला. नटांच्या अंगावर ‘पिनाफोर’चेच कपडे, चाचे ओळखू यावेत म्हणून डोक्याला रुमाल, आणि हातात कागद, नक्कल पाठ करायला वेळच नव्हता. चाच्यांवरच्या नाटकाला चाच्यांपासून वाचवण्यासाठी केलेला हा खटाटोप! पण अशा प्रयोगांत सर्वांत विलक्षण तो १८ मे १८९७ रोजी लंडनच्या लिसियममध्ये झालेला.

ब्रॅम स्टोकर हा लिसियमचा व्यवस्थापक, सर हेन्री आयर्विंगचा उजवा हात. बॅरिस्टरीची सनदही त्याने घेतली होती. त्याची ‘ड्रॅक्युला’ २६ मे रोजी प्रसिद्ध व्हायची होती. तिच्या आठ दिवस आधी, सकाळच्या वेळी, मंडळीतल्या दुय्यम नटांनी ‘ड्रॅक्युला ऑर द अनडेड’ या नावाचे प्रस्तावना आणि पाच अंक असलेले नाटक वाचून दाखवले. चार तासांहून अधिक वेळ वाचन चालले. तिकीट एक गिनी. इतके महाग, की कोणी चुकून आत येऊ नये. सरकारी कचेरीकडे गेलेली संहिता आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्यात ठिकठिकाणी कादंबरीच्या छापील मुद्रितांचे तुकडे कापून चिकटवले आहेत. नाटक म्हणून ते वाचनीय नाही, आणि तसे असण्याचा त्याचा दावाही नव्हता. पण रीडचा खटला डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे त्या आठ दिवसांचा अर्थ आमच्या मते उलगडतो. नाटक आधी, कादंबरी मागाहून: उद्या जो कोणी कादंबरीवरून नाटक करील तो स्टोकरच्या आधी झालेल्या नाटकाला हात घालील. साहित्याच्या इतिहासात ड्रॅक्युला हा काउंट प्रथम माणसांसमोर उभा राहिला तो वाचकाच्या कल्पनेत नव्हे, रिकाम्या नाट्यगृहात, हातात कागद धरलेल्या नटाच्या रूपाने.

स्टोकर १९१२ साली वारला. तोवर कायदा बदलला होता. १९११ च्या ब्रिटिश कायद्याने कादंबरी किंवा अन्य नाट्येतर कृतीचे नाटकात रूपांतर करण्याचा हक्क सरळ शब्दांत तिच्या मालकाला दिला. हक्क आला तसा करारही आला. स्टोकरच्या विधवेने, फ्लॉरेन्सने, परवानगीवाचून निघालेल्या ‘नोस्फेराटू’ (१९२२) या जर्मन मूकपटाचा पिच्छा पुरवून त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम १९२५ मध्ये मिळवला. हॅमिल्टन डीनला मात्र तिने रीतसर परवानगी दिली. त्याचे नाटक १९२४ मध्ये डर्बीला आले, १९२७ मध्ये लंडन आणि, जॉन बॉल्डरस्टनच्या संस्करणानंतर, न्यूयॉर्कला गेले. आज जगभर ओळखला जाणारा, उंच कॉलरची काळी टोपडी झूल पांघरलेला काउंट कादंबरीतला नाही. तो या करारातून जन्मलेल्या नाटकातला आहे.

१९११ चा कायदा हिंदुस्थानाला १९१२ च्या ऑक्टोबरात लागू झाला आणि १९१४ च्या कायद्याने त्याला येथील परिस्थितीप्रमाणे रूप दिले. मराठी रंगभूमी तोवर रूपांतरांवरच वाढली होती. आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३), देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०), केळकरांची ‘त्राटिका’: शेक्सपिअरची परवानगी मागायला कोणाकडे जाणार? देवलांचे ‘संशयकल्लोळ’ (१९१६, त्याचा आधीचा अवतार ‘फाल्गुनराव’, १८९३) मोलिएरपासून मर्फीच्या इंग्रजी नाटकामार्गे आलेले, तेही दोघे केव्हाच कालवश. आमचा कयास असा, की ‘रूपांतर’ हा व्यवहार मराठीत केवळ वाङ्मयीन राहिला, त्याला कराराची सवय लागली नाही, याचे एक मूळ या पहिल्या पिढीच्या निवडीत आहे. हक्क संपलेल्या लेखकांकडून घेता घेता हक्क असलेल्यांकडूनही तसेच घ्यावे अशी वहिवाट पडली असावी. जयवंत दळवींनी ‘अंधाराच्या पारंब्या’वरून ‘बॅरिस्टर’ किंवा श्री. ना. पेंडशांनी ‘गारंबीचा बापू’ स्वतःच रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांना रीडसारखी कायद्याची निकड नव्हती. पण आपली माणसे आपणच उभी करावीत ही भावना त्याच जातीची.

स्वतंत्र भारताचा १९५७ चा कायदा कादंबरीच्या नाट्यरूपांतराचा हक्क स्पष्टपणे लेखकाला देतो, आणि १९९४ च्या दुरुस्तीनंतर तर हक्क लिहून देण्याविषयी बरीच काळजी घेतो. हक्क लेखी आणि सहीने द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत. आणि घेणाऱ्याने एक वर्षात हक्क वापरला नाही तर, वेगळे ठरले नसल्यास, तो लेखकाकडे परततो. टूलने विकत घेऊन कपाटात ठेवलेल्या नाटकाची आठवण येथे व्हावी. मराठीत पुष्कळदा ‘हक्क दिले’ एवढेच म्हटले जाते. कोणते? व्यावसायिक की हौशी, कोणत्या भाषेत, किती वर्षे, फेरफार करण्याच्या मुभेसह की तिच्यावाचून?

हे हक्क थरांचे असतात याचे उत्तम उदाहरण ‘ती फुलराणी’. शॉचे ‘पिग्मॅलियन’ हा खालचा थर, पु. ल. देशपांड्यांचे १९७५ चे मराठी रूपांतर हा वरचा. शॉ १९५० मध्ये वारला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरची मुदत पूर्वी पन्नास वर्षे होती, रवींद्रनाथांच्या लेखनाची मुदत संपत आली तेव्हा ती साठ झाली. त्यामुळे शॉचा हक्क येथे २०१० च्या अखेरीस संपला. पु. ल. २००० साली गेले. त्यांच्या रूपांतराचा हक्क २०६० च्या अखेरीपर्यंत आहे. तेव्हा उद्या कोणा विद्यार्थ्याला ‘पिग्मॅलियन’वरून नवे मराठी नाटक लिहायचे असेल तर त्याला कोणाला विचारण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या नायिकेने मंजुळेचे एक स्वगत म्हटले, तर आहे.

हक्क लेखकाकडे आला म्हणजे सगळे सुरळीत झाले असेही नाही. बेकेटच्या वारसांनी १९९४ मध्ये डेबोरा वॉर्नरने दिग्दर्शित केलेल्या ‘फूटफॉल्स’मधील बदलांवर हरकत घेतली आणि तिचा पुढचा दौरा झाला नाही. डिकन्स बॉक्समध्ये आडवा होत होता, तेथून आपण लेखकाच्या रंगसूचनेतले पाऊलही हलवता येऊ नये इथवर आलो. आम्हाला ही दोन्ही टोके सारखीच अस्वस्थ करतात. त्यातल्या त्यात आमच्या सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा एक निकाल विचार करण्यासारखा आहे. शिवराम कारंतांनी यक्षगानाला दिलेले नवे रूप, त्यासाठी रचलेले प्रसंग, यांचे हक्क त्यांनी मृत्युपत्राने ज्यांना दिले त्यांच्याकडे की ज्या मणिपालच्या संस्थेत त्यांनी ते बसवले तिच्याकडे, असा वाद होता. दिल्लीत २००१ मध्ये झालेला एक प्रयोग त्याचे निमित्त. न्यायालयाने वारसाचा हक्क मान्य केला, पण कायद्यातील अपवादांत बसतील असे प्रयोग, म्हणजे शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून किंवा तिकीट न लावता, करण्याची संस्थेची वाट मोकळी ठेवली.

हा अपवाद आमच्या महाविद्यालयांना तोंडपाठ आहे. किंबहुना तेवढाच आहे. काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकावर एका आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या परीक्षणाची पाळी आली. तिकीट लावलेली स्पर्धा होती. एक एकांकिका सुरू झाली आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला ओळख पटली: वीसेक वर्षांपूर्वीची एक उत्तम मराठी कथा, संवादांसकट. नाव बदललेले, पत्रिकेवर ‘लेखक-दिग्दर्शक’ म्हणून एका विद्यार्थ्याचे नाव. प्रयोग चांगला झाला होता, हीच अडचण. नंतर त्याला विचारले, तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितले, “सर, कथा होती ती. नाटक मी केलंय.” कॉन्क्वेस्टचा वकील १८६१ साली याहून वेगळे काही म्हणाला नव्हता. मूळ लेखिका हयात होत्या. तिथल्या तिथे त्यांना दूरध्वनी लावून दिला. पुरेशा वेळाने तो मुलगा परत आला तेव्हा त्याच्या हातात त्याची संहिता होती आणि तिच्या मागच्या कोऱ्या पानावर, बाईंनी सांगितलेले, त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलेले चार मुद्दे: पत्रिकेवर नाव, पुढच्या प्रत्येक प्रयोगाआधी पत्र, तिकीट असेल तेव्हा मानधन, आणि शेवट बदलायचा नाही.